स्मृती आणि अभ्यास

शिकलेली गोष्ट मेंदूत कशी शिरते, कशी टिकते आणि हवी तेव्हा परत कशी मिळते, आणि त्यानुसार अभ्यास कसा करावा, हा या नोंदीचा विषय आहे. मानसशास्त्रात स्मृतीचे तीन टप्पे मानतात. संकेतन म्हणजे माहिती मेंदूला सांभाळता येईल अशा रूपात आत घेणे, धारण म्हणजे ती टिकवून ठेवणे आणि प्रत्यावाहन म्हणजे ती पुन्हा आठवणे. बहुतेक विद्यार्थी सगळा जोर पहिल्या टप्प्यावर लावतात. धडा वाचतात, पुन्हा वाचतात, ओळींखाली रेघा मारतात. परीक्षेत कस लागतो तो मात्र तिसऱ्या टप्प्याचा, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो.

कार्यकारी स्मृती

डोळ्याकानांवर सतत आदळणाऱ्या गोष्टींपैकी फार थोड्यांकडे आपले लक्ष जाते. बाकीच्या क्षणार्धात पुसल्या जातात. ज्याकडे लक्ष गेले ते काही सेकंद कार्यकारी स्मृतीत राहते. गणित सोडवताना हातचा लक्षात ठेवतो ती ही जागा. ती फारच तोकडी असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सुमारे सात घटकांची सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास असल्याचे मांडले.

घटक केवढा मोठा हे मात्र शिकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे त्यावर ठरते. १९१४१९४५१९६९ हे बारा आकडे एकदा वाचून तसेच्या तसे म्हणून दाखवणे अवघड जाते. त्यात पहिल्या महायुद्धाची सुरुवात, दुसऱ्याचा शेवट आणि चंद्रावर माणसाचे पहिले पाऊल ही तीन वर्षे दिसली की लक्षात ठेवायला तीनच गोष्टी उरतात. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांच्या १९७३ च्या प्रयोगात हेच पटावर दिसले. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद पाहून निष्णात बुद्धिबळपटू ती नवख्यापेक्षा कितीतरी अचूक पुन्हा मांडत. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या की त्यांची ही आघाडी जवळपास नाहीशी होई. त्यांची स्मरणशक्ती सर्वसाधारण माणसाहून अफाट नव्हती, पटाची जाण होती. ‘माझ्या डोक्यात काही राहतच नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाला बहुतेकदा त्या विषयाचा पाया कच्चा असल्याचा त्रास होत असतो. स्मरणशक्तीला दोष देण्याआधी तो पाया तपासून पाहावा.

मेंदूत काय घडते

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात त्या जागेला चेतासंधी म्हणतात. शिकण्याने हे सांधे बळकट किंवा दुबळे होतात. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ साली सशाच्या मेंदूत दाखवून दिले की, थोडा वेळ जलद विद्युत स्पंद दिल्यावर चेतासंधीचा प्रतिसाद कित्येक तास वाढलेला राहतो. समुद्री गोगलगायीसारख्या साध्या प्राण्यात स्मृतीची रेणूपातळीवरची यंत्रणा उलगडून दाखवणारे एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

आठवणी कुठे घडतात हे कळले ते एका माणसाच्या मोठ्या नुकसानीतून. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा आतला भाग व त्याच्या आसपासचा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बोलणे नीट राहिले. पण नव्या घटनांची आठवण त्यांच्याजवळ टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक हात सफाईदार होत गेला, आणि दर वेळी त्यांना वाटे की हे काम आपण प्रथमच करत आहोत. यावरून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. घटना व माहितीची नवी स्मृती घडायला हिप्पोकॅम्पस लागतो, आणि हाताचे कौशल्य मेंदू वेगळ्या वाटेने शिकतो. मोलायसन २००८ साली वारले. तोवर पन्नासहून अधिक वर्षे ते संशोधकांना सहकार्य करत राहिले. स्मृतीचे शास्त्र या माणसाचे मोठे ऋणी आहे.

विसरणे

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी विसरण्याचे मोजमाप प्रथम केले आणि ते १८८५ साली प्रसिद्ध केले. प्रयोग करणारे तेच आणि प्रयोग होणारेही तेच. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या ते पाठ करत आणि ठरावीक वेळाने त्या पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचले ते मोजत. ही बचत २० मिनिटांनी ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के भरली. म्हणजे घसरण सुरुवातीला तीव्र असते, पुढे संथ होते. ‘एका दिवसात माणूस दोनतृतीयांश विसरतो’ असा या आकड्यांचा अर्थ सर्रास लावला जातो, तो चुकीचा आहे. हे आकडे पुन्हा पाठ करण्यातल्या बचतीचे आहेत, तेही निरर्थक अक्षरांबाबत. अर्थपूर्ण कविता पाठ करायला एबिंगहाउस यांना सुमारे दहावा हिस्साच श्रम पडले. समजून घेतलेले लवकर पाठ होते, हे त्यांच्या वहीतच नोंदले गेले होते.

ओळखणे आणि आठवणे

अभ्यासातली सगळ्यात मोठी फसगत इथे होते. समोर दिसलेली गोष्ट ‘ही माहीत आहे’ असे वाटणे म्हणजे प्रत्यभिज्ञा, साध्या शब्दांत ओळख. समोर काही नसताना ती मनातून बाहेर काढणे म्हणजे प्रत्यावाहन, म्हणजे आठवण. धडा तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची लागते, वाचन सरसर होते आणि ‘येतंय की मला’ असा भरवसा वाटतो. परीक्षेत उत्तर ओठांवर येऊन अडते तेव्हा कळते की ओळख होती, आठवण नव्हती. तासन्‌तास मन लावून वाचणारी मुले अशा वेळी स्वतःला मठ्ठ समजू लागतात, याचे फार वाईट वाटते. त्यांची मेहनत खरी असते, चुकते ती पद्धत.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली हा फरक मोजला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडे फिरले: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आठवणे ही नुसती तपासणी नाही. त्या खटपटीनेच आठवण पक्की होते.

हे करायला कोरा कागद पुरतो. हृदयाची रचना वाचून झाली की पुस्तक मिटावे आणि आकृती मनाने काढावी. चार कप्पे सहज काढले जातात. मग त्रिदल झडप उजवीकडे की डावीकडे, इथे पेन्सिल थबकते. फुप्फुसांकडून येणारी रक्तवाहिनी शिरा लिहावी की धमनी, तिथे पुन्हा अडते, कारण रक्त तर ऑक्सिजनयुक्त आहे. हे अडणे लाखमोलाचे असते. लगेच पुस्तक न उघडता मिनिटभर आठवण्याचा प्रयत्न करावा, चुकले तरी काहीतरी लिहावे, आणि मग ताडून पाहावे: त्रिदल झडप उजवीकडे, आणि हृदयाकडे रक्त आणते म्हणून ती शिराच. अशी स्वतःच्या हाताने झालेली आणि स्वतःच दुरुस्त केलेली चूक दीर्घकाळ लक्षात राहते. ताडून पाहणे मात्र टाळू नये, नाहीतर चूकच पाठ होते.

अंतर आणि सरमिसळ

एकाच बैठकीत चार तास घोकण्यापेक्षा तेच चार तास चार दिवसांत विभागले तर अधिक टिकते. हा परिणाम शंभराहून अधिक वर्षे, निरनिराळ्या विषयांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. थोडे विसरायला झाल्यावर केलेली उजळणी जास्त कष्टाची असते आणि तिचा लाभही जास्त असतो. परीक्षा जितकी लांब तितके दोन उजळण्यांतले अंतर मोठे ठेवता येते. गणितात प्रकारांची सरमिसळ उपयोगी पडते. एकाच सूत्राची वीस उदाहरणे ओळीने सोडवताना सूत्र कोणते हे ठरवावेच लागत नाही, आणि परीक्षेत नेमके तेच ठरवावे लागते. सरमिसळीत सुरुवातीला चुका वाढतात. तेवढ्यावरून ती सोडून देऊ नये.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराने विभागणे या दोनच पद्धतींना वरची श्रेणी मिळाली. रंगीत पेनने खुणा करणे आणि पुन्हा वाचणे खालच्या श्रेणीत गेले. ‘हा डोळ्यांनी शिकणारा, ती कानांनी शिकणारी’ असे मुलांचे कप्पे पाडून त्याप्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते, या समजुतीलाही २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात पुरेसा आधार सापडला नाही.

झोप

जॉन जेन्किन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले. तितकेच तास जागे राहण्यापेक्षा झोप घेतल्यावर त्यांना जास्त आठवले. झोपेत बाहेरचा व्यत्यय थांबतो एवढेच त्याचे कारण नाही. उंदरांच्या मेंदूत पुढे दिसून आले की, दिवसा चाललेल्या वाटेवर ज्या क्रमाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी सक्रिय झाल्या, तोच क्रम गाढ झोपेत वेगाने पुन्हा उमटतो. अशा रीतीने नवी आठवण पक्की होण्याला स्मृतीचे दृढीकरण म्हणतात. आदल्या रात्री जागून केलेले वाचन सकाळच्या पेपरापुरते थोडेफार उपयोगी पडते, पण त्या रात्री हे काम व्हायचे राहून जाते, आणि पेंगुळलेल्या मेंदूला दुसऱ्या दिवशी नवे आत घेणेही जड जाते.