सुपरनॅचरल (पर्व १५)

‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी अद्भुत मालिकेचे पंधरावे आणि अखेरचे पर्व. भाग २०. प्रक्षेपण द सीडब्ल्यू वाहिनीवर १० ऑक्टोबर २०१९ ते १९ नोव्हेंबर २०२०. मध्ये सहा महिन्यांहून अधिक खंड. एरिक क्रिपकी यांची ही मालिका १३ सप्टेंबर २००५ रोजी द डब्ल्यूबी वाहिनीवर सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती वाहिनी बंद पडल्यावर सीडब्ल्यूकडे आली. या पर्वासह तिचे ३२७ भाग झाले. क्रिपकी यांनी पाचव्या पर्वानंतर सूत्रे सोडली होती. अखेरच्या पर्वाची धुरा अँड्र्यू डॅब आणि रॉबर्ट सिंगर यांच्याकडे होती.

भुताखेतांची शिकार करणारे विंचेस्टर बंधू, सॅम (जॅरेड पॅडॅलेकी) आणि डीन (जेन्सन अ‍ॅकल्स), हा मालिकेचा कणा. सोबत देवदूत कॅस्टिएल (मिशा कॉलिन्स) आणि ल्युसिफरचा मुलगा जॅक (अलेक्झांडर कॅल्व्हर्ट). मालिका संपवण्याचा निर्णय पॅडॅलेकी, अ‍ॅकल्स आणि कॉलिन्स या तिघा प्रमुख नटांनी २२ मार्च २०१९ रोजी चित्रफितीतून जाहीर केला. त्यामुळे लेखकांना पहिल्या भागापासूनच शेवट डोळ्यांसमोर ठेवता आला, आणि पर्वाचा विषयही तोच ठरला: शेवट लिहायचा कोणी?

हे पर्व थेट पाहायला घेतल्यास पहिल्याच भागात गोंधळ उडतो. चक (रॉब बेनेडिक्ट) हा चौथ्या पर्वात प्रथम येतो तो विंचेस्टर बंधूंवर स्वस्त कादंबऱ्या लिहिणारा लेखक म्हणून. तो प्रत्यक्ष परमेश्वर आहे हे अकराव्या पर्वात उघड होते. त्याची बहीण अमारा हीही त्याच पर्वातली. चौदाव्या पर्वाचा आठवा भाग आधी पाहणे आवश्यक आहे. तिथे जॅकला वाचवण्यासाठी कॅस्टिएल ‘एम्प्टी’शी, म्हणजे मेलेले देवदूत आणि सैतान जिथे जातात त्या काळ्या पोकळीशी, करार करतो: ज्या क्षणी तो खरोखर सुखी होईल त्या क्षणी ती त्याला घेऊन जाईल. चौदाव्याचा शेवटचा भागही चुकवू नये. त्यात डीन जॅकला मारायला नकार देतो, चक स्वतः जॅकला संपवतो, आणि सॅम चकवर अशी बंदूक झाडतो की झाडणाऱ्यालाही तीच जखम होते. संतापलेला चक नरकाची दारे उघडतो.

पंधराव्या पर्वाची सुरुवात तिथूनच. पहिले तीन भाग नरकातून सुटलेल्या आत्म्यांना आवरण्यात जातात. नरकाला पडलेले खिंडार बुजवण्यासाठी चेटकीण रोवेना सगळे आत्मे आपल्या देहात ओढून घेते, सॅमकडून स्वतःवर वार करवून घेते आणि खिंडारात उडी टाकते. पुढे आठव्या भागात ती नरकाची राणी म्हणून भेटते. मधल्या काळात सॅमच्या खांद्यावरची जखम भरत नाही, कारण तिच्यातून तो चकशी जोडलेला असतो आणि त्याला निरनिराळे शेवट दिसत राहतात. प्रत्येकात एक भाऊ दुसऱ्याचा जीव घेतो किंवा दोघेही मरतात. चक हा इथे नाटकातला सूत्रधार आहे, पण पात्रांनी आपल्या संहितेबाहेर पाऊल टाकलेले त्याला खपत नाही.

ही कल्पना सर्वांत नेमकी उतरते ती दहाव्या भागात. चक दोघांवरची नायकाची कृपा काढून घेतो, आणि आजवर कधीच न घडलेल्या गोष्टी घडू लागतात: गाडी बंद पडते, बनावट कार्ड चालत नाही, डीनच्या दातांना कीड लागलेली निघते, चीज पचेनासे होते. चौदा पर्वे हे दोघे जखमा आणि उधारी पचवत कसे टिकले, याचे उत्तर मालिका इथे हसतखेळत देऊन टाकते. अकराव्या भागात अलास्कात, ‘पूल’ हा बिलियर्ड्ससारखा खेळ चालणाऱ्या एका हॉलमध्ये, भाग्यदेवता फॉर्च्युनाच्या पटावर, ते नशीब परत मिळवायचा प्रयत्न होतो.

चित्रीकरण कॅनडात व्हँकूवर परिसरात होत असे. चौथा भाग स्वतः अ‍ॅकल्स यांनी दिग्दर्शित केला. १३ मार्च २०२० रोजी कोविडमुळे काम थांबले तेव्हा १८ भाग चित्रित झाले होते, शेवटचे दोन उरले होते. तरीही प्रक्षेपण तेराव्या भागानंतर, २३ मार्चला, खंडित झाले. कारण चित्रीकरण झाले म्हणजे भाग तयार होत नाही. दृश्यपरिणाम आणि ध्वनी करणारे विभागही टाळेबंदीत बंद होते. काम १८ ऑगस्टला पुन्हा सुरू झाले आणि १० सप्टेंबरला संपले. अमेरिकेतून कॅनडात येणाऱ्याला १४ दिवस विलगीकरण सक्तीचे असल्याने पाहुण्या कलाकारांना बोलावणे अवघड झाले. उरलेले सात भाग ८ ऑक्टोबरपासून दर गुरुवारी दाखवले गेले.

अठराव्या भागात (५ नोव्हेंबर, दिग्दर्शन रिचर्ड स्पेट ज्युनियर, लेखन रॉबर्ट बेरेन्स) कॅस्टिएलचा करार फळाला येतो. मृत्यूची देवता बिली दाराबाहेर उभी असताना तो डीनवरचे आपले प्रेम बोलून दाखवतो. मिळवण्यात नव्हे, नुसते म्हणण्यातच त्याला सुख सापडते, आणि एम्प्टी त्याला बिलीसकट ओढून नेते. डीनच्या तोंडी उत्तर नाही, आणि त्याच्या मनात काय होते हा वाद आजही तिथेच अडलेला आहे. लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश आवृत्तीत मात्र डीन ‘माझेही तुझ्यावर’ अशा अर्थाचे उत्तर देतो.

पर्वाचा शेवट एकोणिसाव्या भागात होतो आणि मालिकेचा विसाव्यात. हा फरक लक्षात घेतला नाही तर विसावा भाग तुटक वाटतो. एकोणिसाव्यात, मरणातून परतलेला जॅक चकची शक्ती शोषून घेतो. भाऊ चकला मारत नाहीत. सामान्य माणूस म्हणून म्हातारा हो, असे म्हणून सोडून देतात. हीच त्याला सर्वांत मोठी शिक्षा. विसाव्यात देव नाही, संहिता नाही. एका गोठ्यात व्हॅम्पायरांशी झटापट होते, खांबातून बाहेर आलेली सळई डीनच्या पाठीत घुसते आणि तो मरतो. अनेकांना हा मृत्यू क्षुल्लक वाटला. पण आखणारा उरला नाही तर मरण असेच येणार, आणि त्या अर्थाने तो पर्वाच्या विषयाशी प्रामाणिक आहे. डळमळते ते पुढचे स्वर्गाचे दृश्य. तिथे जुन्या पात्रांचा मेळावा योजला होता, तो महासाथीमुळे गाळावा लागला. भावांना वडिलांसारखा असलेला जुना शिकारी बॉबी (जिम बीव्हर) एकटा भेटतो आणि इतरांची माहिती त्याच्या बोलण्यातून उरकली जाते. सॅमचे अख्खे आयुष्य, डीन नावाचा मुलगा, म्हातारपण आणि मरण, काही मिनिटांत सरते. तोवर डीन स्वर्गात १९६७ची काळी इम्पाला चालवत असतो. दरवर्षी पर्वाच्या शेवटी वाजणारे कॅन्सस या बँडचे गाणे इथे आधी मूळ रूपात आणि मग निओनी या गायिकांच्या जोडीच्या संथ आवृत्तीत येते. भाऊ पुलावर भेटतात. त्यानंतर दोघे नट प्रेक्षकांचे आभार मानतात, कॅमेरा मागे सरकतो आणि पुलावरचा सगळा तंत्रज्ञवर्ग हात हलवताना दिसतो.