मेलेल्या कोंबडीचा नायट्रोजन

उदमांजर कोंबडीचं रक्त पितं, मांसाला तोंड लावत नाही, असं कोकणात सर्रास ऐकू येतं. सकाळी खुराडं उघडावं तर मानेला दात लागलेल्या चार-पाच कोंबड्या न खाल्लेल्या पडलेल्या. पण यात रक्तपिपासूपणा नाही. कोंडलेल्या कोंबड्यांना पळता येत नाही, त्या फडफडत राहतात आणि प्रत्येक फडफडीला शिकारी पुन्हा झडप घालतो. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली मांसाहारी प्राण्यांच्या या गरजेबाहेरच्या शिकारीवर शोधनिबंध लिहिला होता. राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा देऊन ही शिकार थांबत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी आणि तिन्हीसांजेला घातलेली कडी यांनी थांबते. मुंगूस मात्र दिवसाढवळ्या येतं, त्याला कडीचं काय!

खरी गंमत पुढे आहे. ही मढी गडग्यापलीकडे भिरकावली की वासावर कुत्रे, कोल्हे येतात आणि आपल्या परड्याची वाट शिकतात. पुरावं तर जांभ्यात खड्डा खोल जात नाही, कुत्रे उकरतात. शिवाय जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसात खड्ड्यातली घाण झिरपत विहिरीकडे जाऊ शकते.

त्यापेक्षा पातेऱ्याच्या, म्हणजे गळून पडलेल्या पानांच्या, ढिगात गाडा. मढं कुजवणाऱ्या जिवाणूच्या शरीरात १ भाग नायट्रोजनमागे साधारण ८ भाग कार्बन असतो. पण शरीर बांधायला ऊर्जा लागते, त्यासाठी तो आणखी १६ भाग कार्बन जाळतो. म्हणजे त्याचा आहार २४ ला १. कोंबडीच्या मढ्यात हे प्रमाण जेमतेम ५ ला १. जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो आणि नाकात जातो. दुर्गंधी म्हणजे कार्बनची उधारी! भाताच्या पेंढ्यात हेच प्रमाण ६०च्या वर असतं, सुका पातेराही कार्बनचाच साठा. तिथून ती उधारी फिटते.

मढ्याच्या आत प्राणवायू नसतो, तिथे विनॉक्सी जिवाणू मांस विरघळवतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे घाण वायू सोडतात. ते वायू बाहेर पडताना भोवतीच्या हवेशीर पातेऱ्यातून जातात, तिथले ऑक्सिजीवी जिवाणू त्यांना वाटेतच खाऊन टाकतात. म्हणून खाली फूटभर, वर आणि बाजूंनीही फूटभर थर हवा. ढीग मीटरभर लांब-रुंद-उंच असला तर आतली ऊब टिकते, तापमान ५५ अंशांच्या वर जातं आणि बहुतेक रोगजंतू मरतात. लहान ढिगाला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून तो गार पडतो.

पावसाळ्यात वर झाप किंवा प्लॅस्टिक हवंच. छिद्रांत पाणी भरलं की प्राणवायूचं विसरण हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंदावतं आणि ढीग सडतो. बाजारात 'कल्चर'च्या बाटल्या मिळतात, त्यांवर पैसे घालवू नका. ओंजळभर शेणात हवे ते सगळे जिवाणू आहेत.

हे एखाद-दुसऱ्या मढ्यापुरतं. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या आणि अंगावर दाताची खूण नसली तर ती मानमोडी (राणीखेत हा कोंबड्यांचा रोग) किंवा बर्ड फ्लू असू शकतो. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते. अशा वेळी मढ्यांना उघड्या हातांनी शिवू नका, ढिगातही घालू नका. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.