तक्रारी ग्राहकाशी व्यवहार तोडणे

वारंवार तक्रार करणाऱ्या ग्राहकाला यापुढे माल वा सेवा न देण्याचा व्यावसायिकाचा निर्णय. २००७ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंट या मोबाइल कंपनीने मदतकेंद्राला फार फोन करतात म्हणून सुमारे १,००० ग्राहकांना पत्रे पाठवून सेवा थांबवली. करार मुदतीआधी संपल्याचा दंड मात्र त्यांच्याकडून घेतला नाही.

नागपुरात असे पत्र सहसा येत नाही. इतवारीतला ठोक व्यापारी आधी उधारी बंद करतो, मग ऑर्डर घेणे टाळतो. उन्हाळ्यात कूलरचा मिस्त्री फोन उचलेनासा होतो. त्याची बाजूही खरी आहे: हंगाम दोन-तीन महिन्यांचा, एका घरी फुकटच्या चार खेपा झाल्या की दिवसाची कमाई गेली. शिवीगाळ करणारा किंवा वापरलेला माल खोटे सांगून परत करणारा ग्राहक नाकारण्यात काहीच गैर नाही. पण पंप पहिल्याच दिवशी नीट बसवला असता तर त्या चार खेपा पडल्याच नसत्या. फोन किती आले हे मोजून ग्राहकाला कटकट्या ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे; दोष दूर झाला का, हे आधी पाहायला हवे.

खासगी दुकानदाराला गिऱ्हाईक निवडण्याची बरीच मोकळीक आहे. मात्र धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात मज्जाव करता येत नाही (संविधान, अनुच्छेद १५). ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट अनुचित कराराच्या व्याख्येत येते. विजेचे तर वेगळेच आहे. वितरण कंपनीवर मागणीनुसार वीजपुरवठा करण्याचे बंधन आहे. बिल थकले तरी पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. विजेच्या तक्रारींसाठी नागपुरात विद्युत लोकपालही आहे.

खाते बंद झाले म्हणून जुनी तक्रार संपत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. व्यवहार ५ लाख रुपयांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. कंपनीचे कार्यालय मुंबईला असो की बंगळुरूला, नागपूरकर आपली तक्रार नागपुरातच दाखल करू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही दाद मागता येते.