चांदोबा संपला तिथून पुढं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीच्या उशाशी पडलेलं पुस्तक मी सहज उचललं. किशोरवयीन मुलांसाठीची इंग्रजी अद्भुत कादंबरी, चांगली जाडजूड, मुखपृष्ठावर पंख पसरलेला ड्रॅगन. जेवणं उरकल्यावर दोन पानं चाळावीत म्हणून बसले, आणि दूधवाल्यानं बेल मारली तेव्हा शेवटचं प्रकरण चालू होतं. पंचेचाळिशी गाठली, पण असं रात्र जागून वाचणं तिसेक वर्षांत झालं नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत तिच्या कपाटातली अशी सगळी पुस्तकं मी संपवली. वाचता वाचता एक प्रश्न मागं लागला. अद्भुताची ही गोडी मला आधी होती. मग मधली वर्षं ती कुठं गेली?

उत्तरासाठी बरंच मागं जावं लागतं, आणि सुरुवात माझ्या बेळगावातच होते. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती 1857 सालची 'यमुनापर्यटन'. तिचे लेखक बाबा पदमनजी 1831 साली बेळगावात जन्मले. विषय विधवांच्या हालांचा, म्हणजे पूर्ण वास्तवातला. पण वाचकांनी ती वाट लगेच धरली नाही. चारच वर्षांनी लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि तिच्यामागून राजपुत्र, गुप्त भुयारं, वेषांतरं, ताटातुटी यांनी भरलेल्या कादंबऱ्यांची रांग लागली. अरबी भाषेतल्या सुरस गोष्टींचं कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेलं भाषांतरही त्याच सुमाराचं. या पुस्तकांना अद्भुतरम्य म्हणत. ती मोठी माणसंच वाचत, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

हरिभाऊ आपट्यांपासून हवा बदलली. घरातलं, समाजातलं खरं दुःख कादंबरीत आलं, ते यायलाच हवं होतं. पण त्याबरोबर एक समजही रुजला, की अद्भुत म्हणजे पोरांचं. नाथमाधवांच्या 'वीरधवल'सारखी पुस्तकं पुढंही पिढ्यान् पिढ्या वाचली गेली, पण त्यांचा मान खालच्या फळीवरचा. माझ्या मते मराठी वाचनाचं मोठं नुकसान इथं झालं. वास्तवाला जागा देण्यासाठी अद्भुताला घराबाहेर काढायची गरज नव्हती.

पोरांच्या वाट्याला आलेलं अद्भुत मात्र भरघोस होतं. माझ्या पिढीसाठी त्याचं नाव 'चांदोबा'. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासला जुलै 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक सुरू केलं. कन्नड आवृत्ती 1949 ची, मराठी एप्रिल 1952 ची. आमच्या गल्लीत दोन्ही यायच्या. आमच्याकडं मराठी, शेजारच्या अक्कांकडं कन्नड. चित्रं तीच, विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत तेच, तलवार तशीच उपसलेली. आमचा अंक उशिरा आला की मी अक्कांकडं पळायची. चित्रांवरून निम्मी गोष्ट कळायची, उरलेली अक्कांचा मुलगा सांगायचा, अर्धी कन्नडात, अर्धी मराठीत. मला कन्नड वाचायला शाळेच्या आधी वेताळानं शिकवलं, असं मी मनापासून मानते.

आणि त्यातल्या त्या क्रमशः मालिका! मांत्रिक, अर्धे पशू अर्धे मानव, आगीची बेटं, राक्षसांच्या दऱ्या. दर महिन्याला गोष्ट ऐन मोक्यावर तुटायची. या मालिका कुणी लिहिल्या ते अंकात छापलेलं नसायचं. फार उशिरा मला कळलं, की 1954 पासून अशा कितीतरी मालिका मूळ तेलुगूत दासरी सुब्रह्मण्यम यांनी लिहिल्या आणि तिथून त्या बाकीच्या भाषांत गेल्या. चित्रं बहुतेक 'चित्रा' या सहीची असत. विक्रम-वेताळाचं ते प्रसिद्ध चित्र शंकर यांचं. म्हणजे बेळगावातल्या एका मराठी मुलीनं वाचलेली पहिली लांबलचक अद्भुत कादंबरी एका तेलुगू माणसानं लिहिलेली होती, आणि तिला त्याचं नावही माहीत नव्हतं. ते नाव आता तरी घ्यावं, म्हणून ही नोंद.

पुढं काय झालं ते अनेकांना आपलं वाटेल. सातवीची परीक्षा झाली आणि आत्या म्हणाली, "अजून चांदोबाच वाचायलीस होय गं? मोठी झालीस की आता." बेळगावात पुस्तकांची वाण कधीच नव्हती. इथलं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं आहे. पण फळीवर बालवाङ्मयानंतर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या लागायच्या: संसार, दारिद्र्य, इतिहास. बारा ते अठरा या वयासाठी रहस्यकथा होत्या, साहसकथा होत्या, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता. पण अंगात बदल होत असताना, घरच्यांचं पटेनासं झालेलं असताना, त्या वयाचीच नायिका घेऊन अद्भुताच्या मुलखात उतरणारी मोठी कादंबरी माझ्या हाती कधी आली नाही. मधली पायरीच नव्हती. मी उडी मारली, मोठ्यांच्या फळीवर पोचले आणि मागचं दार लागलं.

इंग्रजीतही ही पायरी आपोआप तयार झाली नाही. तिथं आधी ग्रंथपालांनी तिची गरज ओळखली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठी वेगळा विभाग केला तो 1957 साली. टॉल्कीनचं 'हॉबिट' 1937 मध्ये मुलांसाठी म्हणून आलं होतं, पण त्याची पुढची त्रिखंडी कथा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', 1954-55 ची, अमेरिकेत खरी पसरली ती 1965 मध्ये स्वस्त कागदी बांधणीत निघाल्यावर, आणि ती उचलली कॉलेजातल्या पोरांनी. मग 1967 साल. एका प्रकाशकानं अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांना थोड्या मोठ्या मुलांसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. त्यांना प्रश्न पडला, की गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचेच का? ते कधीतरी पोरसवदा असतीलच, कुठंतरी शिकले असतील. 'अर्थसी' या कल्पित मुलखाची पहिली कादंबरी या प्रश्नातून 1968 मध्ये निघाली. सध्याच्या सगळ्या किशोर-फँटसीचं बीज मला या एका प्रश्नात दिसतं: विद्या आहे, पण ती पेलायचं वय अजून झालेलं नाही.

बाकीचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोरचा. पहिला हॅरी पॉटर 26 जून 1997 ला निघाला. पुढच्याच वर्षी प्रकाशकानं मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली. जुलै 2000 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं मुलांच्या पुस्तकांची खपाची यादी वेगळी केली, कारण मोठ्यांच्या यादीतल्या वरच्या जागा ही पुस्तकं अडवून बसली होती. आणि 2012 मध्ये अमेरिकेतल्या बाउकर या संस्थेच्या पाहणीत दिसलं, की 12 ते 17 वयासाठीची म्हणून निघणारी पुस्तकं विकत घेणाऱ्यांत 55 टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे आहेत. त्यांतला सगळ्यात मोठा गट 30 ते 44 वयाचा. हा आकडा वाचला तेव्हा मला आत्याची आठवण झाली.

आमच्याकडं ही लाट आली तेव्हा घरातली वाचायची भाषाच बदलत होती. 1956 मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथल्या मराठी घरात तीन भाषांचा हिशेब चालतो. बोलायला मराठी, कचेरीला कन्नड, पुढच्या शिक्षणाला इंग्रजी. मी मराठी शाळेत शिकले, लेक इंग्रजी माध्यमात. पॉटरचा मराठी अनुवाद आला, तो घरात आहे, पण तिनं मूळच वाचलं. 'चांदोबा' 2013च्या सुमारास बंद पडला. म्हणजे मला जी पायरी मिळाली नाही ती तिला मिळाली, पण दुसऱ्या भाषेत. याचं मला वाईट वाटतं. आणि तिच्या मागं मागं मीही त्याच पायरीवर परत आले, याचा आनंदही तितकाच आहे.

या शोधात हाती लागलेलं सगळ्यात मोलाचं मात्र इंग्रजीतलं नाही, तेलुगूतलंही नाही. 1950च्या दशकात कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, आणि त्या काळात या भागात फिरून ते बायकांच्या तोंडच्या कन्नड गोष्टी जमवत होते. त्यांनी इंग्रजीत आणलेल्या कन्नड कथांपैकी एक आहे फुलांचं झाड होणाऱ्या मुलीची. तिच्यावर 2006 मध्ये व्हिएन्नात ऑपेरा झाला. गरीब घरची धाकटी मुलगी बहिणीला म्हणते, एका घागरीचं पाणी माझ्यावर ओत, मी झाड होईन. फुलं तोडताना फांदी मोडू नकोस, पान दुखवू नकोस. मग दुसऱ्या घागरीचं पाणी ओत, मी परत माणूस होईन. फुलं विकून घर चालतं. राजपुत्र लग्न करतो. मग नणंद हट्टानं तिला मैत्रिणींसमोर झाड व्हायला लावते. पोरी फांद्या ओरबाडतात, पाणी कसंबसं ओततात, आणि मुलगी अर्धीच परत येते. हात नाहीत, पाय नाहीत. फार दिवसांनी नवरा तिला ओळखतो, परत झाड करतो, मोडलेली फांदी न् फांदी हातानं सरळ करून बांधतो, आणि पाणी ओततो.

मी ही गोष्ट लेकीला मराठीत सांगितली, रात्री, दिवा मालवून. ती पंधराची आहे. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, ती अर्धी होती तेवढे दिवस तिनं काय केलं, ते एका ओळीतच संपवलंय की. मला तेवढंच मोठं करून वाचायचंय."