गोट्याखालचे किडे आणि वावरातली काळी माती

'पाण्यात किडे दिसले म्हणजे पाणी खराब' ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. घरातल्या माठापुरती ती ठीक, वाहत्या ओढ्याला मात्र उलटी लागू पडते. सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर जिथे खळाळत उतरतात, तिथला एखादा गोटा उलटा करून पाहा. त्याला चिकटलेली मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाची चपटी पिल्लं पोटाच्या दोन्ही बाजूंचे पानासारखे कल्ले हलवत असतात. शेजारी कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाची अळी रेशमाचं जाळं विणून वाहतं अन्न पकडते. अशी विविधता सापडली, तर पाण्यात ऑक्सिजन भरपूर आहे.

खाली रावेर-यावलच्या केळी-कपाशीच्या पट्ट्यात चित्र बदलतं. वखरलेल्या उघड्या वावरावर पहिला जोराचा पाऊस पडला की काळी माती ओढ्यात उतरते.

ओढ्याचा तळ भरीव नसतो. गोटे आणि रेतीच्या फटींतून पाणी सतत झिरपतं आणि खालच्या जिवांना ऑक्सिजन पोचवतं. या झिरपण्याचा नियम फ्रान्सच्या आंरी दार्सी यांनी 1856 साली मांडला: वाहण्याच्या दिशेनं पाण्याच्या पातळीचा उतार जितका तीव्र तितकं ते वेगानं झिरपतं, पण किती वेगानं, हे थराच्या पारगम्यतेवर, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याच्या क्षमतेवर, ठरतं. रेतीत ही पारगम्यता ढोबळमानानं कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्यास दहापट घटला की झिरपणं शंभरपट घटतं. त्यातही मिश्र थरात हुकूम चालतो तो बारीक कणांचा, कारण मोठ्या कणांमधल्या फटी तेच भरतात. आपल्या काळ्या मातीतले चिकणकण तर 0.002 मिलिमीटरहूनही बारीक. म्हणून गोटे वरून उघडे दिसत असले तरी खालचा थर गुदमरलेला असू शकतो. कल्ल्यांवर गाळ बसतो, जाळी बुजतात.

मग उरतात लाल अळ्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्येही त्यांचं भागतं. त्या चिखलातून आपोआप जन्मत नाहीत. डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माशीच्या अंड्यांतून निघतात. मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, हे फ्रान्चेस्को रेदी यांनी 1668 सालीच दाखवलं होतं, तरी हा गैरसमज अजून टिकून आहे.

कपाशीच्या बियाण्याला चोळलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक हा वेगळा धोका. ते पाण्यात विरघळतं आणि कीटकांच्या मज्जातंतूंवर घाव घालतं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी असलं, तरी दीर्घकाळ राहिल्यास मेफ्लायच्या पिल्लांना ते बाधतं.

उताराला आडवी नांगरट केली, काठावर गवताचा रुंद पट्टा राखला, तर पाण्याचा वेग मोडतो आणि बराच गाळ वावरातच बसतो. विरघळलेलं औषध मात्र गवत तितकं अडवत नाही; त्याचा वापरच कमी करावा लागतो.