सुभेदाराचे दोन तारे आणि लेफ्टनंटचे दोन तारे

खांद्यावर दोन तारे दिसले की 'लेफ्टनंट' म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय इतकी रुळली आहे की सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी सुभेदारांना मरणोत्तर बढती मिळाली आहे. कोरेगाव, खटाव, माणमधल्या घरांतून जुन्या ट्रंका उघडतात, खांदापट्ट्या बाहेर येतात, आणि विकणाऱ्यापासून नातवापर्यंत सगळे एकच चुकीचं नाव सांगतात. उलटी चूकही होते, पण कमी. आजोबांचा हुद्दा खाली आणायला कोण तयार होणार?

अधिकाऱ्यांची बाजू बहुतेकांना पाठ असते. एक तारा सेकंड लेफ्टनंट (हा हुद्दा आता राहिला नाही), दोन लेफ्टनंट, तीन कॅप्टन, मेजरला सिंहमुद्रा. जेसीओंची (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे शिपायांतून बढती घेत वर आलेल्यांची) बाजूही तशीच: एक तारा नायब सुभेदार, ज्याला १९६५ पर्यंत जमादार म्हणत; दोन सुभेदार; सुभेदार मेजरला सिंहमुद्रा. घोडदळात सुभेदाराच्या जागी रिसालदार म्हणायचं, चिन्हं तीच. म्हणजे एक तारा, दोन तारे आणि मुद्रा या तिन्ही ठिकाणी अधिकारी आणि जेसीओ यांची गल्लत होऊ शकते. तारे मोजून हुद्दा ठरत नाही, एवढं इथेच लक्षात यायला हवं.

ठरतो कशाने? आजच्या वर्दीवर उत्तर सोपं आहे. जेसीओच्या खांदापट्टीवर ताऱ्यांच्या खाली, शोल्डर टायटलच्या (पलटणीची ओळख सांगणाऱ्या खुणेच्या) वर, लाल-पिवळी-लाल रिबन आडवी बसते. अधिकाऱ्याला ती नसते. हे संग्राहकांना माहीत असतं, आणि घोळ नेमका या माहितीतूनच सुरू होतो. रिबन आहे म्हणजे जेसीओ, इथपर्यंत ठीक. पण त्यावरून 'रिबन नाही म्हणजे लेफ्टनंट' असा निष्कर्ष काढून लोक तो थेट पहिल्या महायुद्धापर्यंत मागे लावतात.

ही रिबन कायमची नव्हती. १८५८ नंतर सुभेदाराची खूण म्हणजे कॉलरवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन सोनेरी तलवारी. गुरखा पलटणींत त्यांच्या जागी खुकऱ्या. खांद्यावर तारे आले ते १९०० नंतर, आणि तेव्हा सोबत रिबन नव्हती. पहिलं महायुद्ध संपल्यावर ताऱ्याखाली लाल रिबन आली. लाल-पिवळी-लाल रिबन खांद्यावर आज आहे त्या जागी स्थिरावली ती आणखी पुढे, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. म्हणजे १९१६ साली मेसोपोटेमियात काढलेल्या फोटोतल्या मराठा सुभेदाराच्या खांद्यावर रिबन शोधणं व्यर्थ आहे. ती नसणारच.

म्हणून आधी पट्टीचा काळ ठरवा, रिबनचा विचार नंतर. शोल्डर टायटलवर १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ यांपैकी एखादा मराठा पलटणीचा जुना आकडा असेल, तर वस्तू १९२२ च्या आधीच्या व्यवस्थेतली. त्या वर्षी या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट बांधली गेली. मग ताऱ्याचा आकार पाहा. ब्रिटिश काळातला तारा चौकोनी, टोकावर उभा केल्यासारखा, आणि मधोमध तीन बारीक मुकुट. भिंग लावलं की दिसतात. पाच टोकांचा तारा स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय वर्दीचा. मेजर किंवा सुभेदार मेजरच्या पट्टीवर ब्रिटिश काळातल्या मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह दिसले तर २६ जानेवारी १९५० नंतरचं. पाच टोकांचा तारा आणि ब्रिटिश मुकुट एकाच 'मूळ' जोडीत मिळाले, तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

फोटोच्या बाबतीत आणखी एक कसोटी आहे, आणि माझा तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे. भारतीयांना राजाचं कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, द्यायला सुरुवात झाली १९१७ साली, तीही बोटांवर मोजण्याइतक्या जणांना. सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा १९१८ पासून, आणि डेहराडूनची अकादमी उघडली १९३२ साली. त्यामुळे पहिल्या महायुद्धातला, पायदळातला, दोन ताऱ्यांचा मराठी माणूस जवळजवळ नक्की सुभेदार. ठळक अपवाद इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरांचा. त्यांना अधिकारी म्हणूनच घेत, आणि त्यांच्यात भारतीय होते. घरात त्या काळातले डॉक्टर नसतील तर लेफ्टनंटचा नाद सोडा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. त्या पिढीची थोरवी लेफ्टनंट या शब्दावर टेकलेली नाही.

१९४५ नंतरच्या सुट्या पट्टीवर मात्र रिबन हाच पुरावा, आणि पुरावा म्हटला की लबाडी आलीच. काढून टाकलेली रिबन ओळखू येते: शोल्डर टायटल आणि खालचा तारा यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा, तिथलं कापड आजूबाजूपेक्षा गडद, कडेने सुईच्या भोकांच्या दोन रांगा. मागून शिवलेली रिबन त्याहून सोपी. कापड विटलेलं आणि लाल रंग काल रंगवल्यासारखा, असं सहसा होत नाही. अतिनील टॉर्च मारली आणि दोरा निळसर पांढरा चमकला, तर तो दोरा १९४५ चा मानायला मी तयार नाही.

आता 'वॉरंट ऑफिसर'. परदेशी तक्त्यांत जेसीओ वॉरंट ऑफिसरच्या रांगेत मांडलेले असतात, ते पाहून आपल्याकडचे विक्रेतेही सुभेदाराच्या पट्टीला तसं लेबल चिकटवतात. याची मला मनस्वी चीड आहे. सुभेदाराला त्या काळी व्हाइसरॉयचं कमिशन होतं. ब्रिटिश वॉरंट ऑफिसरला वॉरंट; त्याचे पहिला आणि दुसरा असे वर्ग १९१५ साली झाले, आणि त्याची खूण खांद्यावर नसून बाहीवर, मनगटाच्या बाजूला: पहिल्या वर्गाला राजचिन्ह, दुसऱ्याला मुकुट. म्हणून सुटा कापडी मुकुट 'सुभेदार मेजरचा' म्हणून घेऊ नका. तो बाहीवरचा असू शकतो, तीन फितींच्या वर बसणारा, ब्रिटिश स्टाफ सार्जंटचाही असू शकतो. वायुदलात वॉरंट ऑफिसर हा खराखुरा हुद्दा आहे. तिथे तो शब्द खुशाल वापरा.

एक गुंता राहतो, मानद कमिशनचा. निवृत्तीच्या सुमारास काही जेसीओंना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन करतात. 'आमचे तात्या कॅप्टन होते' हे त्यामुळे खोटं नसतं, आणि तात्या सगळी नोकरी जेसीओंच्या वाटेने वर आले हेही खरं असतं. आपल्याकडे तर फौजेतून आलेल्या कुणालाही गाव 'मेजर' म्हणतं, त्यामुळे ऐकीव हुद्दा मी वहीत लिहितच नाही. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदपुस्तक, मागतो. त्यात हुद्दा तारखेसकट असतो. कागदावर सुभेदार आणि ट्रंकेत तीन ताऱ्यांची पट्टी असेल, तर आधी मानद कमिशनची नोंद शोधायची.

आणि तारे ब्रासोने घासू नका. घासून घासून मधले तीन मुकुट सपाट झाले की चौकोनी तारा कुठल्या साच्यातला, हे सांगायला काही उरत नाही. काळवंडलेलं पितळ मी तसंच घेतो, आणि लखलखीत ताऱ्याला कमी पैसे देतो.