काचेचं अंतर आणि रस्त्याचं अंतर

समजा, परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, तुटली. तूट किती लांब आहे ते सांगणारं यंत्र, ओटीडीआर, लावलं, 12.480 किलोमीटर आलं. पोरांनी गुगल अर्थवर केबलची रेषा उघडली, पट्टीनं तेवढंच अंतर मोजलं आणि जेसीबी लावला. केबल धडधाकट निघाली. पावसाळ्यात काळ्या मातीत असा एक फुकटचा खड्डा म्हणजे अर्धा दिवस गेला, शिवाय शेजारची दुसरी केबल तोडायची भीती वेगळीच.

यंत्र खोटं बोललं नव्हतं, नकाशाही चुकला नव्हता. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते.

ओटीडीआर काचेत प्रकाशाचा ठोका सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. एक मीटर जाऊन यायला 10 नॅनोसेकंद लागतात. म्हणजे यंत्र सांगतं ती काचेची लांबी. नकाशावरची रेषा सांगते ती जमिनीवरची लांबी. काच नेहमी जास्त भरते. केबलच्या आत नळीतले तंतू पिळदार बसवलेले असतात, त्यामुळे ते बाहेरच्या कवचापेक्षा लांब असतात. त्याहून मोठा फरक पाडतात ती वेटोळी. प्रत्येक जॉइंटला (केबलचे दोन तुकडे जोडलेली जागा), चेंबरला (केबलसाठी जमिनीत बांधलेला हौद) पुढच्या दुरुस्तीसाठी दहा-वीस मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते. नकाशावर तो फक्त एक ठिपका.

यंत्रात भरलेला अपवर्तनांक, म्हणजे काचेत प्रकाश किती मंदावतो तो आकडा, तोही बघून घ्या. नेहमीच्या सिंगल मोड फायबरला तो 1550 नॅनोमीटर तरंगलांबीवर 1.468 च्या आसपास असतो. तिथं 1.46 राहिला, तर एवढ्या अंतरावर सत्तरेक मीटर जादा दिसतात.

आता खरा उपाय. सुरुवातीपासून मोजूच नका, तुटीच्या अलीकडचा ओळखीचा जॉइंट धरा. ओटीडीआरच्या आलेखात तो 11.902 वर दिसतो आणि नकाशात त्याच जॉइंटचं जमिनीवरचं अंतर 11.480 आहे, असं धरू. तुटीपर्यंत काच उरली 578 मीटर. मधे एका चेंबरमध्ये 20 मीटरचं वेटोळं आहे, ते वजा केलं की 558. पिळाचे सात-आठ मीटर काढले की 550. म्हणजे तूट जमिनीवर 12.030 किलोमीटरला. आधीचा खड्डा साडेचारशे मीटर पुढं पडला होता.

क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे गणित बसवता येतं: केबलची रेषा, त्यावर जॉइंट आणि चेंबरचे बिंदू, प्रत्येक बिंदूला वेटोळ्याचे मीटर. मग काचेचं अंतर दिलं की जागा मिळते. पण ते मीटर कोणी भरलेच नसतील, तर सॉफ्टवेअरही सुरुवातीच्या पोरांसारखंच पट्टी लावतं. बहुतेक नकाशांत मला तो रकाना रिकामाच दिसतो, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण माहिती मिळवायला पैसा लागत नाही. केबलच्या कवचावर मीटरचे आकडे छापलेलेच असतात. जॉइंट बंद करताना दोन्ही बाजूंचे आकडे आणि वेटोळ्याची लांबी लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. हे सगळं खड्डा बुजवायच्या आधी.